सान फेर्मिन, पाम्प्लोना आणि नावाराचे दोन पालकसंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्पॅनिश शिकवते. दरवर्षी जून उजाडला की आजी-माजी विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या ओळखीतल्यांचे पाम्प्लोनाबद्दल प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले बहुतेक बैलांबद्दल असतात. स्पेनमधल्या या शहराच्या सान फेर्मिन उत्सवात बैल रस्त्यावर असतात ते रोज सकाळी अडीच-तीन मिनिटं. नऊ दिवसांतला बाकीचा सगळा वेळ संताचा, शहराचा आणि लहान मुलांचा असतो. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे शेवटी.

1. सान फेर्मिन म्हणजे नेमकं काय, आणि तो कधी असतो?

उत्तर स्पेनमधल्या नावारा प्रांताची राजधानी पाम्प्लोना. तिथे संत फेर्मिनच्या नावाने 6 जुलैच्या दुपारी 12 वाजल्यापासून 14 जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत उत्सव चालतो. वार कोणताही असो, तारखा बदलत नाहीत. मुख्य सण 7 जुलैला. स्थानिक लोक उत्सवाला अनेकवचनात 'सानफेर्मिनेस' म्हणतात.

2. पालकसंत म्हणजे आपल्या ग्रामदैवतासारखं काही का?

भावना बरीच तशीच आहे. गावाचं रक्षण ज्याच्या हवाली केलं तो संत, त्याच्या दिवशी मिरवणूक, जत्रा, गोडधोड, बाहेरगावी गेलेल्यांचं घरी परतणं. फरक असा की संत हा देव नाही. तो देवाकडे आपल्यासाठी रदबदली करणारा माणूस आहे, अशी कॅथलिकांची श्रद्धा असते. स्पेनमध्ये वर्षाला 14 सार्वजनिक सुट्ट्या मिळतात आणि त्यातल्या 2 ठरवायचा अधिकार त्या त्या गावाला असतो. त्यामुळे एका गावात सगळं बंद आणि दहा किलोमीटरवरच्या गावात बाजार सुरू, हे नेहमीचंच. प्रवास ठरवताना हे लक्षात ठेवा.

3. हा फेर्मिन कोण होता? तो खरंच होऊन गेला का?

परंपरा सांगते की तिसऱ्या शतकात, पाम्प्लोना रोमन अमलाखाली होतं तेव्हा, तिथल्या फिर्मुस नावाच्या सिनेटरचा तो मुलगा. संत सातुर्निनोने त्याला बाप्तिस्मा दिला, पुढे तो बिशप झाला आणि आजच्या फ्रान्समधल्या आमियें शहरात त्याचा शिरच्छेद झाला. इतिहासकार मात्र सावध असतात, कारण फेर्मिनची जुनी भक्ती आमियेंमधली. पाम्प्लोनात तिने मूळ धरलं ते 1186 साली, बिशपने आमियेंहून त्याचा अवशेष आणला तेव्हा. म्हणजे संत पाम्प्लोनाचा मानला जातो, पण त्याची कीर्ती माहेरी आली ती सासरहून.

4. सण जुलैतच का? तो शहीद झाला तो दिवस तर वेगळा आहे ना?

हो, आमियेंमध्ये 25 सप्टेंबर मानतात. पाम्प्लोनात पूर्वी 10 ऑक्टोबरला सण व्हायचा. तिथला ऑक्टोबर पावसाळी, आणि गुरांचा मोठा बाजार भरायचा तो उन्हाळ्यात. लोकांनी बिशपकडे विनंती केली आणि 1591 पासून सण 7 जुलैला आला. संताचा सण, गुरांचा बाजार आणि बैलांचे खेळ हे एकत्र आले ते असे. बैलांचा संताच्या चरित्राशी संबंध नाही, निदान फेर्मिनच्या तरी नाही (प्रश्न 14 पाहा).

5. उत्सवाची सुरुवात कशी होते?

6 जुलैला भर दुपारी नगरपालिकेच्या सज्जातून एक अग्निबाण सोडतात. त्याला 'चुपिनाथो' म्हणतात. सोडणारी व्यक्ती आधी स्पॅनिशमध्ये 'बीबा सान फेर्मिन' आणि इथल्या दुसऱ्या, बास्क भाषेत 'गोरा सान फेर्मिन' असा जयजयकार करते. खालच्या छोट्याशा चौकात हजारो माणसं खेटून उभी असतात आणि एकमेकांवर वाइन उडवत असतात. पांढरे कपडे पाच मिनिटांत गुलाबी होतात. बाण फुटेपर्यंत लाल रुमाल हातात धरायचा किंवा मनगटाला बांधायचा, गळ्यात नाही. फुटला की मग गळ्यात. हा नियम इथली आजीसुद्धा मोडत नाही.

चौकात काचेची बाटली नेता येत नाही. चेंगराचेंगरीची भीती वाटत असेल तर आत शिरूच नका. बाजूच्या चौकांतल्या मोठ्या पडद्यांवर पाहा.

6. पांढरे कपडे आणि लाल रुमाल हा जुना धार्मिक नियम आहे का?

लाल रंग हुतात्म्याच्या रक्ताचा, असं सगळे सांगतात आणि चर्चच्या परंपरेत तो आहेही. पण सगळ्या शहराने पांढरं घालून लाल रुमाल-कमरपट्टा बांधायचा ही रीत 1930च्या दशकातली. 'पेन्या' म्हणजे गल्लीतली मित्रमंडळं. स्वतःचं वाद्यपथक, स्वतःचा फलक, स्वतःची जागा असलेली. त्यांनी ती सुरू केली. पांढरे कपडे स्वस्त, सगळ्यांकडे असलेले, आणि ते घातले की सावकार आणि मजूर ओळखू येत नाही. पाहुण्यांनीही हेच घालावं. मान राखल्यासारखं वाटतं.

7. मला बैल बघायचे नाहीत. मग जाण्यात अर्थ आहे का?

तुमच्यासाठीच 7 जुलैची सकाळ आहे. दहा वाजता सान लोरेन्थो चर्चमधून संताची मूर्ती निघते. मूर्ती लाकडी आहे, चेहरा काळसर. म्हणून लोक लाडाने तिला 'मोरेनिको' म्हणतात. मोरेनिको म्हणजे सावळा. हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपला विटेवरचा उभा राहिला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मिरवणूक जुन्या शहरातून सावकाश फिरते. पुढे महाकाय पुतळे, 'चिस्तु' नावाची बास्क बासरी आणि ढोलकं, मागे अंगरखे घातलेले नगरसेवक आणि धर्मगुरू. मध्येच ती थांबते आणि एखादा गायक संतासमोर 'होता' गातो. होता हा नावारात घराघरात जपलेला, मोकळ्या आवाजात गायचा लोकगीतप्रकार. एवढ्या गर्दीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. सातुर्निनोने पहिल्या पाम्प्लोनाकरांना जिथे बाप्तिस्मा दिला असं मानतात, त्या विहिरीच्या जागी जमिनीत खूण बसवली आहे. तिथेही मिरवणूक थांबते.

शेवटी धर्मगुरू कॅथीड्रलला परततात तेव्हा त्याच्या दारात पुतळे नाचतात, वाद्यं वाजतात आणि वर 'मारिया' ही 1584 साली ओतलेली सुमारे 10 टनांची घंटा वाजू लागते. सगळं एकाच वेळी. लोक याला 'मोमेंतिको' म्हणतात, म्हणजे 'तो छोटासा क्षण'. वर्षभर परदेशी असलेले पाम्प्लोनाकर या क्षणी रडतात. सकाळी साडेनऊपर्यंत जागा धरा.

8. ते बैलांबरोबर धावणं नेमकं कसं असतं?

त्याला 'एन्सिएरो' म्हणतात, म्हणजे कोंडणं. संध्याकाळी रिंगणात माणसाशी होणाऱ्या झुंजीचे बैल शहराबाहेरच्या गोठ्यातून तिथे न्यायचे असत. गुराख्यांबरोबर हौशी पोरं धावू लागली आणि त्याची प्रथा झाली. एस्ताफेता या गल्लीतून वाट जाऊ लागली 1856 पासून, आणि सध्याचं रिंगण 1922 चं.

7 ते 14 जुलै, रोज सकाळी 8 वाजता, म्हणजे एकूण आठ वेळा. वाट साधारण साडेआठशे मीटरची: सान्तो दोमिंगोचा चढ, नगरपालिकेचा चौक, मेर्कादेरेस, मग लांबलचक एस्ताफेता आणि शेवटी रिंगण. सहा झुंजीचे बैल आणि त्यांना वाट दाखवायला माणसाळलेले बैल. चार बाण सुटतात: गोठ्याचं दार उघडलं की पहिला, सगळे बाहेर पडले की दुसरा, सगळे रिंगणात आले की तिसरा आणि आतल्या खोलीत कोंडले गेले की चौथा. पहिल्या दोन बाणांत अंतर जास्त पडलं तर जाणकारांच्या पोटात गोळा येतो, कारण कळप फुटलेला असतो, आणि एकटा पडलेला बैल सगळ्यात धोकादायक.

त्याआधी सान्तो दोमिंगोच्या भिंतीतल्या कोनाड्यात फेर्मिनची छोटी मूर्ती ठेवलेली असते. धावणारे तिच्यापुढे गुंडाळलेलं वर्तमानपत्र उंचावून तीन वेळा आशीर्वाद मागतात: पाच, तीन आणि एक मिनिट उरलेलं असताना, स्पॅनिश आणि बास्क दोन्ही भाषांत. मला विचाराल तर सगळ्या एन्सिएरोत पाहण्यासारखं हेच आहे.

9. मीही धावू का? परवानगी लागते का?

नाव नोंदवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, वय 18 पूर्ण हवं. पण माझं उत्तर 'नका धावू' असंच आहे. शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींत 16 माणसं दगावली आहेत, शेवटची 2009 मध्ये, आणि जखमी दरवर्षी होतात. बरेच पाहुणे रात्रभर पिऊन, वाट माहीत नसताना उतरतात आणि स्वतःबरोबर दुसऱ्यालाही पाडतात.

तरीही ठरलंच असेल, तर साडेसातच्या आत वाटेवर हवं. दारू प्यायलेली, फोन-कॅमेरा हातात, पाठीवर पिशवी असं चालत नाही. पोलीस बाहेर काढतात. बैलाला हात लावायचा नाही. पडलात तर उठू नका. डोकं हातांनी झाकून पडून राहा, बैल बहुधा ओलांडून जातात. उठायला गेलेला माणूस शिंगावर येतो.

नुसतं पाहायचं असेल तर कुंपणं दोन असतात. आतलं-बाहेरचं यामधली जागा पोलीस आणि वैद्यकीय पथकाची, तुम्ही बाहेरच्या कुंपणावर. सहाच्या सुमारास जागा धरावी लागते.

10. बैलांचं पुढे काय होतं?

त्याच संध्याकाळी साडेसहाच्या झुंजीत ते मारले जातात. आठ दिवसांत एन्सिएरोतले 48. अनेकांना वाटतं की बैल धावून परत रानात जातात, तसं नाही. आपल्या पोळ्यासारखी बैलाची पूजाही यात कुठे नाही.

झुंजी भरवतं ते 'कासा दे मिसेरिकोर्दिया', 1706 साली स्थापन झालेलं, वृद्धांना सांभाळणारं धर्मादाय गृह. रिंगण त्यांच्याच मालकीचं आणि उत्पन्न वृद्धांसाठी. म्हणून झुंजींना विरोध करणाऱ्या पाम्प्लोनाकरांनाही या प्रश्नाचं उत्तर सोपं जात नाही. प्राण्यांच्या हक्कांसाठी झगडणारे उत्सवाच्या तोंडावर दरवर्षी निदर्शनं करतात. मी रिंगणात जात नाही आणि विद्यार्थ्यांनाही जायला सांगत नाही.

11. लहान मुलांना नेता येईल का?

जरूर न्या. सकाळी निघणारे 'हिगांतेस' त्यांच्यासाठीच. आठ महाकाय पुतळे, राजा-राणीच्या चार जोड्या: युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका. 1860 साली तादेओ आमोरेना या स्थानिक कारागिराने ते घडवले आणि आजही तेच नाचतात. आत एक माणूस असतो, खांद्यावर साठ किलोंहून अधिक वजन घेऊन गिरक्या घेणारा. सोबत मोठ्या डोक्यांचे 'काबेथुदोस', फोमच्या सोट्याने मुलांना हलकेच मारणारे 'किलिकी' आणि घोडेस्वार 'साल्दिको', सगळे मिळून 25.

चोखणी सोडायचं वय झालं की पाम्प्लोनाचं मूल ती पुतळ्याला देऊन टाकतं. शेवटच्या दिवशी पुतळ्यांच्या हातांना चोखण्या लटकलेल्या दिसतात. आईबापांनी महिनोन्‌महिने समजावून जे होत नाही ते राणी एका मिनिटात करते.

12. मुली-बायकांनी एकट्याने जाणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो योग्य आहे. 2016च्या उत्सवात पाच पुरुषांनी एका तरुणीवर सामूहिक बलात्कार केला. खालच्या न्यायालयांनी सौम्य गुन्हा धरल्यावर स्पेनभर बायका रस्त्यावर उतरल्या. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बलात्कारच ठरवून 15 वर्षांची शिक्षा दिली आणि 2022 मध्ये संमतीचा कायदा बदलला.

शहराने हे झाकून ठेवलं नाही. जागोजागी लैंगिक हिंसेला विरोध दाखवणारं लाल पंजाचं चिन्ह दिसतं, प्लाथा देल कास्तियोत मदत केंद्र असतं, आणि तातडीला 112. मी स्वतः दिवसा निर्धास्त फिरते. मध्यरात्रीनंतर पिणाऱ्यांच्या गर्दीत मात्र सोबत असावी, आणि मुक्कामाची जागा पायी गाठता येईल अशी घ्यावी.

13. राहणं, व्हिसा, शाकाहार?

व्हिसा शेंगेनचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. जुलैच्या गर्दीत पंधरा दिवसांवर विसंबू नका. पाम्प्लोनात खोल्यांचे भाव या दिवसांत कित्येक पट होतात. लोग्रोन्यो, बितोरिया किंवा सान सेबास्तियानला राहून बसने येणं परवडतं.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको' म्हणू नये. हॅम आणि मासे अनेकांच्या मते मांसात मोडत नाहीत. 'नि हामोन नि पेस्कादो' हेही जोडा. नावाराची पांढरी जाड शतावरी आणि भाजलेल्या पिकियो मिरच्या उत्तम. पहाटे मान्युएताच्या चुरोंसाठी, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्यांसाठी, रांग लावा. 1872 पासूनचं दुकान, लाकडाच्या जाळावर तळतात.

14. सान फेर्मिन पाम्प्लोनाचा पालकसंत आहे ना?

इथे जवळजवळ सगळे चुकतात, स्पॅनिश लोकसुद्धा. पाम्प्लोना शहराचा पालकसंत सातुर्निनो, म्हणजे फेर्मिनला बाप्तिस्मा देणारा. त्याचा सण 29 नोव्हेंबरला, थंडीत, शांतपणे होतो. फेर्मिन हा धर्मप्रांताचा आणि संपूर्ण नावाराचा सह-पालकसंत.

बैलाचा संबंध आहे तो सातुर्निनोशी. तुलूझमध्ये त्याला बैलाला बांधून फरफटत मारलं असं त्याचं चरित्र सांगतं. पुढे दोन्ही कथा लोकांच्या तोंडी मिसळल्या आणि 'फेर्मिनला बैलाने मारलं' असं छापूनही येऊ लागलं.

15. सह-पालकसंत? मग दुसरा कोण?

गोव्यात ज्याला 'गोंयचो सायब' म्हणतात तो. सेंट फ्रान्सिस झेवियर, स्पॅनिशमध्ये सान फ्रान्सिस्को हाविएर. त्याचा जन्म 7 एप्रिल 1506 चा, पाम्प्लोनापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या हाविएरच्या गढीतला. गावाचं नावच मुळी बास्क 'एचेबेरी' म्हणजे 'नवं घर' यावरून आलं. तोवर स्वतंत्र राज्य असलेलं नावारा 1512 मध्ये शेजारच्या कास्तिया राज्याने जिंकलं, त्यात हे घराणं हरलेल्या बाजूला होतं आणि गढीचे बुरूज पाडले गेले. तो मुलगा पॅरिसला शिकायला गेला आणि पुढे 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. 1554 मध्ये देह गोव्यात आला आणि आज बॉम जेझुस बॅसिलिकात आहे. दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात, अलीकडे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025.

12 मार्च 1622 रोजी तो संत घोषित झाला. त्याच दिवशी माद्रिदचा पालकसंत, शेतकरी इसिद्रोही. मग नावारात भांडण लागलं: राज्याचा पालक जुना फेर्मिन की नवा हाविएर? अनेक वर्षं वाद चालला. 1657 मध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांनी दोघांनाही समान मान देऊन तो मिटवला.

3 डिसेंबरला जुन्या गोव्यात फेस्त असतं, आणि त्याच दिवशी नावारात 'नावारा दिन' म्हणून सुट्टी. एका संताचं माहेर तिथे आणि समाधी इथे. नावाराच्या माणसाला तुम्ही कोकण-गोव्याकडचे आहात म्हणून सांगा, पुढचं संभाषण तोच चालवेल.

16. हाविएरला पायी जातात म्हणे. ती वारीच का?

'हाविएराडा'. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात नावाराभरातून हजारो लोक गढीपर्यंत चालत जातात, काही रात्रभर. सांग्वेसा गावापासूनचे शेवटचे आठ किलोमीटर क्रूसाच्या वाटेची प्रार्थना म्हणत. 1885 मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा नवस बोलला गेला आणि 1886 मध्ये फेडला गेला, तिथून ही परंपरा. गढीत एक लाकडी ख्रिस्तमूर्ती आहे, क्रूसावर असूनही चेहऱ्यावर स्मित असलेली. तेवढ्यासाठीही जावं.

17. झेवियरनेच गोव्यात इन्क्विझिशन आणलं. मग त्याचा उत्सव कसा साजरा करायचा?

16 मे 1546 च्या पत्रात त्याने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, मागणी केली होती, हे खरं आहे. ते स्थापन झालं 1560 मध्ये, तो वारल्यावर आठ वर्षांनी, आणि इन्क्विझिशनने गोव्यात जे केलं त्याच्या जखमा मोठ्या आहेत. नावारातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं. विचारलं तर मी सांगते. ऐकणाऱ्यांनी आजवर शांतपणे ऐकून घेतलं आहे. गोव्यात मात्र हिंदूही सायबाच्या पायाशी नवस बोलायला जातात. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्र नांदतात, आणि मी एकीसाठी दुसरी पुसत नाही.

18. जुलैत जमत नाही. दुसरी संधी आहे का?

सप्टेंबरच्या अखेरीस पाम्प्लोनाच्या जुन्या भागात 'सान फेर्मिन चिकितो', म्हणजे धाकटा सान फेर्मिन, होतो. एन्सिएरो नाही, परदेशी गर्दी नाही, पुतळे आहेत. आणि जुलैतच पण शांतता हवी असेल तर उत्तरेकडच्या लेसाका गावी 7 जुलैला जा. तिथेही फेर्मिनच. नदीच्या दोन्ही कठड्यांवर उभं राहून तरुण नाचतात.

19. उत्सव कधी रद्द झालाय का?

स्पेनच्या यादवी युद्धात 1937 आणि 1938 मध्ये, कोविडमुळे 2020 आणि 2021 मध्ये. 1978 मध्ये पोलिसांनी रिंगणात शिरून गोळीबार केला, शहरात एक तरुण मारला गेला आणि उत्सव अर्ध्यावर थांबला. पाम्प्लोना ते विसरलेलं नाही.

20. शेवट कसा होतो?

14 जुलैच्या मध्यरात्री नगरपालिकेसमोर मेणबत्त्या लावून लोक 'पोब्रे दे मी', म्हणजे 'बिचारा मी', असं गाणं गातात आणि गळ्यातला रुमाल सोडतात. पुढच्याची मोजणी 1 जानेवारीला सुरू होते: 1/1, 2/2, 3/3 अशा पायऱ्या चढत 7/7 पर्यंत. त्या त्या तारखेला मित्रमंडळी रुमाल बांधून एकत्र जेवतात.

21. इतर स्पॅनिश भाषक देशांतही आपल्याशी जोडलेला कोणी संत आहे का?

आहे, मेक्सिकोत. तिथला सर्वात मोठा उत्सव 12 डिसेंबरचा, ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मरियामातेचा. पण मेक्सिको शहराचा स्वतःचा पालकसंत सान फेलिपे दे हेसुस. तो इतका खट्याळ होता की घरची दाई म्हणायची, 'हा संत होईल तेव्हा अंगणातलं वाळलेलं अंजिराचं झाड हिरवं होईल'. तो गेला त्या दिवशी झाडाला पालवी फुटली, अशी कथा आहे.

मनिलाहून मेक्सिकोला परतताना त्याचं जहाज 1596 मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागलं, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्याला 25 जणांसोबत क्रूसावर चढवलं. त्या 26 जणांमध्ये वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया होता. दोघांनाही 1862 मध्ये एकाच दिवशी संतपद मिळालं. मेक्सिकोत फेलिपेचा सण 5 फेब्रुवारीला होतो.